सुट्टी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, की शिक्षकांच्या खोलीत दर वर्षी एकच वाद उभा राहतो: सहल कुठे न्यायची? गेल्या वर्षी हा वाद फार काळ चालला नाही. खोपोलीच्या बाजूच्या एका थीम पार्कची रंगीत पत्रके टेबलावर पडली होती. गणिताच्या सरांनी बसचे भाडे आणि तिकिटाचा दर यांची बेरीज करून दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. आठ दिवसांनी हिशेब लागला. बावन्न मुलांपैकी एकतीस मुलांनी पैसे आणले होते. एकवीस मुलांनी चिठ्ठी घरी दाखवलीच नसावी. कारण चिठ्ठी घरी दाखवून नकार ऐकण्यापेक्षा ती दप्तराच्या तळाशी चुरगळून ठेवणे सोपे असते. हे मी शिक्षक म्हणून नव्हे, तर कधी काळी तसे केलेला मुलगा म्हणून सांगतो.

मी या शाळेत चित्रकला शिकवतो. मॅट्रिकच्या पुढे कॉलेजची पायरी मी चढलो नाही. उरलेले शिक्षण रेषा मारता मारता आणि कादंबऱ्या लिहिता लिहिता जेवढे झाले तेवढे. तेव्हा नीतिशास्त्रावर अधिकाराने बोलावे अशी माझी योग्यता नाही. पण त्या दिवशी सभेत मी बोललो, आणि चांगला अर्धा तास बोललो. एकवीस मुलांना वगळून जाणारी सहल ही सहलच नव्हे, असे मी म्हणालो. इथपर्यंत माझे बोलणे ठीक होते. परंतु माणसाला एक खरे वाक्य सापडले, की त्याच्या जोरावर तो आणखी चार वाक्ये खपवतो. मी पुढे म्हणालो, की मुळात असल्या ठिकाणी आनंद नसतोच. तो यंत्राने दिलेला हिसका असतो. खरा आनंद फुकट असतो, ऊन-वाऱ्यासारखा. आपण मुलांना भाज्याच्या लेण्यांना नेऊ, लोकलचे भाडे आणि घरचा डबा एवढ्यात सहल होईल. मोठ्या बाईंना खर्चाचा मुद्दा पटला. बाकीच्यांना वाद संपवायचा होता. भाजे ठरले.

ही बातमी वर्गात मीच सांगितली. एकतीस चेहरे उतरले. ते मी धरूनच चाललो होतो. बाकीचे एकवीस चेहरे उजळतील, अशी मात्र माझी अपेक्षा होती. ते उजळले नाहीत. मग मी तेच भाषण, जरा सोपे करून, पुन्हा केले. ते संपत आले तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचे वडील बांधकामावर सेंट्रिंगचे काम करतात. चिठ्ठी न दाखवणाऱ्यांतला तो एक. त्याने विचारले,

"सर, तुम्ही गेलाय का तिथं?"

"गेलोय," मी म्हणालो. "मे महिन्यात. मुलीला घेऊन."

"मग मजा नाही आली?"

या प्रश्नाला दोन उत्तरे होती, आणि त्यांतले एकच खरे होते. वर्ग माझ्याकडे पाहत होता. मी म्हणालो, "आली."

वर्ग हसला. तो मुलगा हसला नाही. तो म्हणाला, "मग आधी आम्हाला पण न्या ना, सर. तिथं खरी मजा नसती, हे मग आमचं आम्ही ठरवू."

त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. असता तर माझी सुटका झाली असती. दटावून खाली बसवता आले असते. ते एक सरळ वाक्य होते आणि त्यात चूक कुठेच नव्हती. गेले अनेक महिने मी ते वाक्य मनात घेऊन हिंडतो आहे. दिवाळी अंकासाठी संपादकांनी लिहायला सांगितले, तेव्हा दुसरा विषय सुचला नाही तो त्यामुळेच.

प्रश्न असा आहे. साध्या सुखांची थोरवी कुणी, कुणाला सांगावी? आपल्याकडे त्यागाचे गोडवे पुष्कळ गायले जातात. पण त्याग हातात असलेल्या वस्तूचा होतो. ज्याच्या पानात पुरणपोळी पडलेलीच नाही, त्याला 'गोड बाधते बरे' असे सांगणे हे आरोग्यशास्त्र नव्हे, ती चेष्टा आहे. मी मुलीला घेऊन रांगेत उभा राहिलो, झुल्यात बसलो, आइस्क्रीम खाल्ले, घरी आलो आणि तृप्त पोटाने उपासाचे महत्त्व लिहायला बसलो. आणि तेही कुणासाठी? ज्यांना उपास टळतच नाही त्यांच्यासाठी. माझे म्हणणे कदाचित खरेही असेल. पण ते सांगण्याची माझी जागा खोटी होती.

म्हणून आधी त्या मे महिन्यातल्या दिवसाविषयी खरे काय ते सांगून टाकतो.

आम्ही सकाळी दहाला आत गेलो. दारात एकदा पैसे भरले, की आत सगळे खेळ हवे तितक्या वेळा. ही पद्धत आता इतकी सरावाची झाली आहे, की ती तशी नेहमीच नव्हती हे खरे वाटत नाही. कॅलिफोर्नियातले डिस्नीलँड 17 जुलै 1955 रोजी उघडले. या साऱ्या नगऱ्यांचे ते मूळपीठ. तिथे आरंभी प्रत्येक खेळाचे पैसे वेगळे पडत. पुढे कुपनांची पुस्तके निघाली. सर्व खेळांचे एकच तिकीट ही रीत तिथे 1982 पासून कायमची झाली. आपल्या जत्रेत अजूनही जुनीच रीत आहे: पाळण्याचे पैसे पाळण्यापाशी, मृत्युगोलाचे पैसे मृत्युगोलापाशी, आणि नुसते हिंडायचे असेल तर कुणीच काही मागत नाही. वरवर पाहता हा किरकोळ फरक आहे. पण माणसाच्या मनावर त्याचा परिणाम विलक्षण होतो. जत्रेतला माणूस दोनदा पाळण्यात बसतो आणि मग निवांत वडाखाली बसून लोकांकडे बघतो. एकदाच मोठी रक्कम भरलेला माणूस बसू शकत नाही. बसला, की पैसे वाया जातात. मी घड्याळ पाहत होतो. मुलीला पाणी प्यायचे होते तर मी म्हणालो, "आधी हे करून घेऊ, रांग लहान आहे." आयुष्यात दिवसाचा इतका काटेकोर हिशेब मी शाळेच्या वेळापत्रकातही ठेवला नव्हता.

रांगांचे म्हणाल तर त्यांचेही दोन प्रकार होते. एक आमची, लांब आणि वळणावळणाची. दुसरी तिच्या शेजारून जाणारी, मोकळी. अधिक पैसे भरणारे त्या मोकळ्या रांगेतून पुढे जात. माझ्या मुलीने विचारले, "बाबा, ते नंतर येऊन आधी कसे गेले?" मी म्हणालो, "त्यांनी जास्त पैसे दिले." तिने मान हलवली. तिला ते समजले, याचेच मला वाईट वाटले. शाळेत पाण्याच्या नळापाशी रांग मोडणाऱ्या मुलाला आम्ही कान धरून मागे पाठवतो. इथे रांग मोडण्याचे तिकीट होते.

हे सगळे खरे. पण त्याबरोबर हेही खरे, की त्या उंच रुळांवरून आमची गाडी खाली कोसळली तेव्हा मी ओरडलो. मोठ्याने, तोंड उघडून, लाज सोडून. मुलीने माझा हात घट्ट धरला होता. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, चार माणसांत, मास्तर माणसाला इतक्या मोठ्याने ओरडायला दुसरी जागा कुठे आहे? गाडी थांबली तेव्हा आम्ही दोघे एकमेकांकडे पाहून हसत सुटलो. कारण नसताना हसत होतो. तो हिसका यंत्राचा होता, पण हसणे आमचे होते. ते खोटे होते असे मी म्हणालो, तर त्या मुलीशी बेइमानी होईल.

आणखी एक गोष्ट. त्या गाडीत बसणाऱ्यांचे पट्टे तपासणारा तरुण आमच्याच शाळेचा निघाला. त्याने ओळखले, वाकून नमस्कार केला. "कसं काय काम?" मी विचारले. म्हणाला, "बरं आहे, सर. दिवसभर किंकाळ्या ऐकायच्या. घरी गेल्यावर टीव्हीचा आवाजसुद्धा नको वाटतो." तो उन्हात उभा होता. आमची गाडी पुन्हा वर चढू लागली तेव्हा त्याने हात केला. आमची सुट्टी होती आणि त्याची पाळी होती. एकाच्या सुट्टीच्या पाठीमागे दुसऱ्याची पाळी असते, हे सहसा दिसत नाही. त्या दिवशी ओळखीचा चेहरा असल्यामुळे दिसले.

आता 'सुट्टी' या शब्दाकडे पाहू. तो सुटण्याशी नाते सांगतो. गाय दाव्यातून सुटते, गाठ सुटते, शाळा सुटते. कशापासून तरी मोकळे होणे एवढाच त्याचा अर्थ; मोकळे होऊन काय करायचे, याविषयी तो शब्द काही बोलत नाही. गंमत अशी, की त्या नगरीत आम्ही मोकळे व्हायला गेलो आणि दर अर्ध्या तासाने पट्ट्याने स्वतःला बांधून घेत राहिलो. आपल्या जुन्या पाठशाळांत सुट्टीला 'अनध्याय' म्हणत. अमावास्या-पौर्णिमेला अनध्याय, मेघगर्जना झाली तर अनध्याय, घरी कुणी थोर पाहुणा आला तरी अनध्याय. म्हणजे आकाशात किंवा दारात काही घडत असेल तर पोथी मिटून तिकडे पाहावे. आणि ग्रीकांची तऱ्हा याहून न्यारी. इंग्रजीतल्या 'स्कूल' शब्दाचे मूळ ज्या ग्रीक शब्दात आहे, त्याचा अर्थच मुळी 'फुरसत'. फुरसतीत करायची गोष्ट म्हणजे शिकणे, अशी त्यांची समजूत. ऍरिस्टॉटलने खेळ आणि फुरसत यांत भेद केला. खेळ हे श्रमाने थकलेल्या माणसाचे औषध आहे, असे तो म्हणतो. फुरसत ही औषधासाठी नाही, जगण्यासाठीच आहे. भेद मार्मिक आहे. पण ज्या शहरात तो हे लिहीत होता, तिथे कष्टाची कामे गुलाम करीत, हेही विसरून चालत नाही. त्याच्या फुरसतीमागे कुणाची तरी अखंड पाळी होती.

आमच्याकडे ही फुरसत भांडून मिळवावी लागली. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची ठराविक सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून ती मागणी लावून धरली. हे जोतीराव फुल्यांचे सहकारी. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. सहा वर्षे लागली. आज रविवारी सकाळी चहाचा दुसरा कप घेताना आपल्यापैकी कुणाला लोखंड्यांची आठवण होत नाही, मलाही होत नसे. ज्यांनी तो रविवार मिळवला, त्यांनी त्याचे काय करावे हे त्यांना कुणा मास्तराने सांगितले असते, तर त्यांनी काय उत्तर दिले असते? मागच्या बाकावरच्या त्या मुलाने दिले तेच, असे मला वाटते.

तर जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही भाज्याला गेलो. बावन्नांपैकी अठ्ठेचाळीस मुले आली. लोणावळ्याच्या लोकलने मळवलीला उतरलो. स्टेशनाबाहेर पडले, की मुंबई-पुण्याचा द्रुतगती मार्ग ओलांडावा लागतो. खालून गाड्या सुसाट जात होत्या. एक मुलगी म्हणाली, "यातल्या किती तिकडे चालल्या असतील!" तिकडे म्हणजे कुठे, हे कुणी विचारले नाही.

ऊन छान होते. पौष महिन्यातले, पाठीवर हात ठेवल्यासारखे ऊन. ऊन ही सुट्टीची वस्तू आहे, ही कल्पना थंड मुलखातून आलेली आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने 'सूर्यप्रकाशाचे राज्य' हे आपले बिरुदच करून ठेवले आहे. तिथे 1971 साली डिस्नीची दुसरी, पहिलीहून कितीतरी मोठी नगरी उघडली ती अकारण नव्हे. आपल्याकडे ऊन विकत घ्यावे लागत नाही; ते डोक्यावर घ्यावे लागते. वाटेत मी त्या सेंट्रिंगवाल्याच्या मुलाला विचारले, "तुझे बाबा सुट्टीला काय करतात?" तो म्हणाला, "झोपतात. घरात. पडदा लावून." सहा दिवस स्लॅबवर उभ्या राहणाऱ्या माणसाची सुट्टी सावलीत असते. 'खरा आनंद ऊन-वाऱ्यासारखा फुकट असतो' असे मी सभेत म्हणालो होतो. त्या माणसापुढे हे वाक्य उच्चारण्याची माझी छाती झाली नसती.

पायऱ्या चढून आम्ही वर पोचलो. भाज्याची लेणी बावीस. त्यांतली सर्वांत जुनी इसवी सनाच्या आधी दुसऱ्या शतकातली. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट पडत नाही. मुले आत शिरली, मोठ्या चैत्यगृहात 'ए' करून ओरडली, घुमलेला आवाज ऐकून पुन्हा ओरडली, फोटो काढून झाले. हे सगळे होईपर्यंत वीस मिनिटे गेली असतील. मग एक मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, झालं पाहून. आता इथं करायचं काय?"

प्रश्न अगदी योग्य होता. थीम पार्कात हा प्रश्न पडत नाही. तिथे सगळे आधीच करून ठेवलेले असते. आपण फक्त बसायचे. भाज्याला कुणीच काही करून दाखवत नाही. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ज्यांना जे करायचे होते ते करून गेले, आणि उरलेले आपल्यावर सोडून गेले. उरलेले म्हणजे काय, हे माहीत नसेल, तर तो एक पोकळ डोंगर आहे आणि वीस मिनिटे त्याला पुष्कळ झाली.

मी कागद वाटले आणि सांगितले, जे हवे ते काढा. काही मुलींनी टोकाच्या विहारातली तबल्यासारखे वाद्य वाजवणारी बाई आणि तिच्या शेजारी नाचणारी बाई काढली. त्याच विहाराच्या ओसरीत रथात बसलेली एक आकृती आहे. दोन्ही बाजूंना दोन स्त्रिया, रथाला चार घोडे आणि चाकांखाली विक्राळ देह. बहुतेक अभ्यासक तो सूर्य मानतात. तो डोंगराच्या पोटात, ओसरीच्या सावलीत बसला आहे. त्याला पाहून एक मुलगा म्हणाला, "हा पण सुट्टीवर दिसतो." मी त्याला पूर्ण गुण देऊन टाकले.

सेंट्रिंगवाल्याचा मुलगा मात्र काहीच काढत नव्हता. तो चैत्यगृहात उभा राहून वर बघत होता. मी जवळ गेलो. म्हणाला, "सर, हे खांब तिरके का?"

भाज्याच्या चैत्यगृहातले खांब सरळ नाहीत. ते आतल्या बाजूला कललेले आहेत. मी अनेकदा पाहिले होते आणि मुलांना तसे सांगितलेही होते. 'का' असे मला कुणी विचारले नव्हते. मी काही बोलण्याआधी तोच पुढे म्हणाला, "दगडाला तिरकं उभं करायची काय गरज? तो कुठं पडतोय! टेकू तिरका लावतात तो लाकडाचा. वरचं वजन बाहेर ढकलतं ना, म्हणून." मग त्याने छताकडे बोट केले. "आणि वर तर खऱ्याच लाकडाच्या फळ्या आहेत. स्लॅब झाल्यावर सेंट्रिंग काढायची राहून गेल्यासारखी."

मी चकित होऊन त्याच्याकडे पाहत राहिलो. ज्या कारागिरांनी हा डोंगर कोरला, त्यांच्या डोळ्यांपुढे लाकडाची इमारत होती. लाकडात जे गरजेचे होते ते त्यांनी दगडात गरज नसताना तसेच उतरवले. कमानीच्या आतल्या लाकडी फासळ्या तर त्यांनी खऱ्याच बसवल्या, आणि त्या अजून जागेवर आहेत. पुढचा दर्शनी भाग लाकडाचा होता, तो नाहीसा झाला. तो बसवण्यासाठी केलेल्या खाचा राहिल्या. हे मी पुस्तकात वाचले होते. तो मुलगा ते नुसते पाहून सांगत होता. कारण तो सुट्टीच्या दिवशी बापाला डबा द्यायला स्लॅबखाली गेलेला होता. मग त्याला खाचा दाखवल्या. तो प्रत्येक खाचेत बोट घालून तिची खोली पाहू लागला. हळूहळू त्याच्याभोवती मुले जमली, आणि तो त्यांना टेकू, पाट, तुळई समजावून सांगू लागला. मी मागे उभा राहून ऐकत होतो.

मी त्याला समोरच्या डोंगरातल्या कार्ल्याच्या लेण्याविषयी सांगितले. तिथल्या चैत्यगृहाच्या दारापाशी एका सुताराचे नाव कोरलेले आहे: धेनुकाकटचा सामी, वेणुवासाचा मुलगा. त्याने दार केले. सावकारांची, व्यापाऱ्यांची, भिक्षूंची नावे आहेत, तशीच या सुताराचीही. "बापाचं नाव पण?" त्याने विचारले. "बापाचंही," मी म्हणालो. तो काही बोलला नाही. लेण्यांचे तोंड पश्चिमेला आहे. उतरते ऊन कमानीतून थेट आत आले आणि तिरक्या खांबांच्या सावल्या जमिनीवर सरळ पडल्या, तेव्हा कुठे आम्ही डबे आवरले.

इथे ही गोष्ट संपवली, तर ती माझ्या सोयीची होईल. मास्तरांचे खरे ठरले, मुलगा शिकला, थीम पार्क हरले. पण तसे घडले नाही. परतताना मळवलीच्या फलाटावर तो माझ्या शेजारी येऊन बसला. "छान होतं, सर," तो म्हणाला. "पुन्हा यायला आवडेल." आणि थोडे थांबून, "पण ते राहिलंच."

ते राहिलेच. एक चांगली वस्तू दिली म्हणून दुसरी नाकारल्याचा हिशेब मिटत नाही. भाज्याने त्याला जे दिले ते मोठे होते असे मला वाटते. पण त्याची तुलना करण्याचा अधिकार दोन्ही पाहिलेल्यालाच आहे, आणि त्याने एकच पाहिले होते. मीच दोन्ही पाहिली होती. म्हणून माझे मत मी सांगू शकतो. त्याचे मत मी ठरवू शकत नाही.

माझे मत आता असे आहे. विकत घेतलेला आनंद हलका नसतो आणि फुकटचा आनंद थोर नसतो. पहिला दुसऱ्याने पुरा करून ठेवलेला असतो. म्हणून तो सर्वांना सारखा मिळतो, आणि कुणालाच आपला वाटत नाही. आम्हा बापलेकीचे हसणे तेवढे आमचे होते, ते तिकिटात नव्हते. दुसरा अपुरा असतो; त्यात आपल्या पदरचे काही घालावे लागते. तेव्हा तो फुकट आहे, हे माझे वाक्यच चुकीचे होते. त्यालाही मोल पडते. त्या मुलाच्या वतीने ते त्याच्या वडिलांनी उन्हात उभे राहून भरले होते. एरवी ते एखाद्या पुस्तकाने, एखाद्या वडीलधाऱ्याने, एखाद्या शिक्षकाने भरावे लागते. ज्याच्या घरी पैसा नाही, त्याला बागेचे दार बंद असते. आणि ज्याला कुणी सांगणारे नाही, त्याला डोंगराचे दारही बंदच असते, जरी तिथे कुणी तिकीट मागत नसले तरी. गरीब मुलाला बहुधा दोन्ही दारे बंद सापडतात. दुसरे दार उघडणे हे माझे काम आहे. त्यासाठीच मला पगार मिळतो. पण दुसरे उघडले म्हणून पहिले बंद राहणे योग्य आहे, असे सांगण्याचे काम मला कुणी दिलेले नाही.

यंदाच्या सभेत मी भाषण केले नाही. एवढेच सुचवले, की आधी सहलीची पेटी करावी. ज्याला जमेल त्याने जमेल तेवढे तीत टाकावे, कुणी किती टाकले हे कुणी पाहू नये, आणि पेटी भरेल त्या मानाने सर्वांनी मिळून जागा ठरवावी. गणिताच्या सरांनी बेरीज करून सांगितले, की या गतीने थीम पार्क गाठायला दोन वर्षे लागतील. ती मुले तेव्हा दहावीत असतील. माझ्या नव्या कादंबरीचे थोडे पैसे आले, त्यांतले काही मी पेटीत टाकले. ते दान नव्हे. त्या मुलाचे एक तिकीट माझ्याकडे लागते. मे महिन्यात मी ज्या हाताने माझे काढले, त्याच हाताने ते काढायचे आहे.

दरम्यान या दिवाळीच्या सुट्टीत तो कार्ल्याला जाणार आहे, असे त्याने मला सांगितले. बरोबर वडील येणार आहेत. मी विचारले, "आणि त्यांची झोप?" तो म्हणाला, "मी सांगितलंय त्यांना, आत सावली आहे म्हणून."